कचरावेचक ताईंना घेऊन नाटक करतोय, पण नाटक नक्की कुणाचं?

रंगपेटी:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या.
आमचा नाशिकचा हौशी नाट्यग्रुप आहे, बँकवाले, शिक्षक, दोन-तीन आयटीतली पोरं असा सगळा मिक्स मामला, दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेला उतरतो. यंदा ठरलं की तेच तेच दिवाणखान्यातलं नको, कचरा वेचणाऱ्या बायकांवर करूया, आणि नुसतं त्यांच्यावर नाही तर त्यांना घेऊन करूया. आमच्या लेखकाने संहिता लिहून पण टाकली. दोन अंकी आहे, शेवटी नायिकेचा नवरा गटारात गुदमरून जातो आणि ती प्रेक्षकांकडे बघून सवाल टाकते. ग्रुपमधल्या वाचनाला सगळे रडले होते.
मग वस्तीतल्या काही जणींना बोलावून त्यांच्यासमोर वाचलं. एकही जण रडली नाही. चहा झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, छान लिहिलंय हो साहेबांनी, पण ह्यात आमचं काय आहे? दुसऱ्या म्हणाल्या ते लिफ्टचं टाका की, सातव्या मजल्यावरून ओला कचरा जिन्याने आणावा लागतो ते. मग एकदम सगळ्या बोलायलाच लागल्या, लिफ्ट, प्यायला पाणी मागितलं की वेगळा ग्लास, संडासला जायची सोय नाही, डायपर कागदात न गुंडाळता तसेच बादलीत टाकतात ते. लेखकाचा चेहरा पडला. दिग्दर्शक म्हणतो हे सगळं घेतलं तर नाटक राहणार नाही, तक्रारवही होईल, आणि स्पर्धेची तारीख तर जवळ आलीये.
तर प्रश्न असा की असलं काम कुणी केलंय का, जवळून बघितलंय का? लिहायचं कुणी, पैसे कसे, आणि मुख्य म्हणजे ह्यातून त्या बायकांचं खरंच काही बदलतं का की आपल्यालाच बरं वाटतं?

खडूस_काका:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय. तुम्हाला बरं वाटणार, सर्टिफिकेट तुमच्या हॉलमध्ये लागणार, मावशी दुसऱ्या दिवशी परत जिन्यातच. त्यापेक्षा नाटकाच्या खर्चात हातमोजे आणि गमबूट वाटा.

रंगपेटी:
काका, मोजे वाटून झालेत मागच्या वर्षी. एका मावशींनी सांगितलं की ते घालून पिशवीची गाठ सुटत नाही, आणि काच लागली की तसेही फाटतातच. वाटण्याआधी विचारायला हवं होतं ना कुणीतरी.

भर_दुपार:
मी पुण्यात कचरावेचकांबरोबर काम करते म्हणून लिहितेय. आधी एक बेसिक गोष्ट, कचरावेचक आणि गटारात उतरणारा कामगार ही दोन वेगळी माणसं आहेत, वेगळी कामं, बऱ्याचदा समाजही वेगळे. मैला हाताने उचलायला लावण्यावर 2013 चा स्वतंत्र कायदा आहे, वेचकांची लढाई वेगळी आहे, ओळखपत्र, सुक्या मालावरचा हक्क, दारोदारच्या कचऱ्याचं कंत्राट मोठ्या कंपनीला जाऊ नये ही. तुमच्या लेखकाने दोन्ही एकत्र कालवलंय कारण शहरी माणसाच्या डोक्यात सगळा 'घाण काम' असा एकच डबा असतो. म्हणून त्या मावशी विचारतायत की आमचं काय.
दुसरं म्हणजे ह्या बायकांना नाटक शिकवायला जातोय असं कृपया समजू नका. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे, 2008 पासून 'स्वच्छ' ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे. 2013 साली ह्याच बायकांनी लोकांनी उघड्यावर टाकलेले वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा केले, पोत्यात भरले आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवून दिले. म्हणणं एवढंच की विकता तर मग गुंडाळून टाकायला पिशवी पण द्या. आता सांगा, ह्याच्यापेक्षा भारी प्रयोग कुठल्या थिएटरात झालाय? पटकथा त्यांची, प्रॉपर्टी त्यांची, आणि समोरच्याला जागेवरून उठून जाता पण येत नाही.
तालमीचं एक सांगते. आमच्याकडे एक कॉलेजची टीम आली होती पथनाट्य घेऊन, त्यातली मुलगी कचरा वेचण्याचा अभिनय करत होती, कमरेतून वाकून, चेहऱ्यावर दुःख वगैरे. आमच्या एक आजी थोडा वेळ बघत बसल्या आणि मग उठल्याच, म्हणाल्या अगं अशी वाकलीस तर दहा वाजेपर्यंत कंबर जाईल तुझी. मग दाखवलं त्यांनी, गोणी डाव्या खांद्यावर, वजन मांडीवर टाकून अर्धं बसायचं, डोळे पुढच्या ढिगावर, हात आपोआप चालतो, पुठ्ठा वेगळा पीईटी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) वेगळं, नखाने टिचकी मारून आवाजावरून प्लास्टिकची जात ओळखायची. चेहऱ्यावर दुःख नव्हतं हो कुठेच, लक्ष होतं. हिशोब होता. ती पोरगी गप्प बसून बघत राहिली आणि मग तिथून पुढे तालीम त्या आजींनीच घेतली.

पेठी_पुणेकर:
ह्या विषयावर 'सत्यशोधक'चं नाव निघायलाच हवं. गो. पु. देशपांड्यांचं नाटक, जोतीराव फुल्यांवरचं, अतुल पेठेंनी 2012 ला पुण्यात केलं ते पुणे महानगरपालिका कामगार युनियनच्या सफाई कामगारांना घेऊन. मी बघितलंय. झाडणकाम करणारी माणसं पहाटेची हजेरी, दिवसभराचं काम सगळं करून मग तालमीला यायची. गंमत बघा, ज्या पेठांमधून सावित्रीबाई अंगावर शेण-चिखल झेलत शाळेत गेल्या त्याच पेठा रोज झाडणारी ही माणसं, आणि ती स्टेजवर उभी राहून पुणेकरांना पुण्याचाच इतिहास सांगतायत. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ सुरुवातीला घड्याळ बघत होते, नंतर नाही बघितलं.
पण रंगपेटी ताई, इथे एक मुद्दा लक्षात घ्या. ती युनियन नाटकाच्या आधीपासून होती आणि नंतरही राहिली. मुक्ता मनोहरांसारखी माणसं तिथे वर्षानुवर्षं कामगारांत आहेत, पेठेंनी पण त्याआधी कामगारांवर 'कचराकोंडी' नावाची डॉक्युमेंटरी केलेली, म्हणजे ओळख जुनी. तुमचा स्पर्धेचा निकाल लागल्यावर त्या मावशींना फोन करायला कोण आहे? कोणी नसेल तर काकांचं म्हणणं खरं ठरतंय.

निळी_पहाट:
सगळं वाचतोय आणि हसू येतंय. नाशिकमध्ये बसून विचारताय की असलं काम कुणी केलंय का? अहो काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 ला सुरू झाला तुमच्याच गावात, आणि भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा नाशिक जिल्ह्यातलाच. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. दिवसा मजुरी करणारी माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात जलसा करायची, तमाशाचा साचा तोच, ढोलकी तीच, पण शृंगार काढला आणि त्या जागी पाणवठा, शाळा, मेलेली गुरं ओढायचं काम सोडा हे सगळं आणलं. त्याच्याही आधी सत्यशोधक जलसे. 1944 ला मुंबईत लाल बावटा कलापथक, अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर, अण्णाभाऊ आणि अमर शेख तर कष्टकऱ्यांतूनच वर आलेले.
ह्यात कुणी बाहेरचा 'सहभाग' घेऊन आला नव्हता. संहिता आम्ही लिहू, अभिनय तुम्ही करा हा प्रकारच नव्हता. आता प्रोजेक्ट म्हटलं की फंडिंग, वर्कशॉप, फोटो, आणि खाली आभार. राग मानू नका, पण ज्याचं दुःख त्याला पात्र करायचं आणि लेखक मात्र आपणच राहायचं, ह्याला मी तरी न्याय म्हणणार नाही.

रंगपेटी:
राग नाही हो, पटतंय. पण मग आम्ही घरीच बसायचं का? मनापासून विचारतेय. आमच्याकडे हॉल आहे, लाइट आहेत, मेकअपवाला आहे, शहरात ओळखी आहेत. हे वापरायचंच नाही असं?

निळी_पहाट:
वापरा की. हॉल द्या, लाइट द्या. पेन पण द्या एवढंच म्हणतोय.

बडोदेकर:
गुजरातेत राहतो, इथलं उदाहरण देतो, ते दोघांच्याही मधलं आहे. अहमदाबादेत छारानगर आहे. छारा म्हणजे इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एक, आपल्याकडचे कंजारभाट त्यांचे नातलगच म्हणायचे. 1952 ला कायदा गेला, पण पोलिसांच्या डोक्यातून गेला नाही. फेब्रुवारी 1998 मध्ये बंगालमध्ये पुरुलियाला बुधन सबर नावाचा खेडिया सबर जमातीचा तरुण पोलीस कोठडीत मारहाणीत मेला. लेखिका महाश्वेतादेवींनी प्रकरण कलकत्ता हायकोर्टात नेलं. त्या आणि भाषातज्ज्ञ गणेश देवी त्याच सुमारास छारानगरला येत होते, आणि त्यांनी पोरांना काय दिलं तर एक वाचनालय. नाटक नाही दिलं. पोरांनी तिथे बुधनची हकीकत वाचली आणि म्हणाली हे तर आमच्याकडे रोजचं आहे, आणि स्वतःच नाटक उभं केलं. 31 ऑगस्ट 1998 ला, विमुक्त दिनाला, म्हणजे तो कायदा गेला त्या तारखेला, पहिला प्रयोग झाला. त्यातूनच बुधन थिएटर, दक्षिण बजरंगे वगैरे मंडळी, अजून चालू आहे.
ह्यातली दोन दृश्यं डोक्यातून जात नाहीत. सेट नाही काही नाही, माणसांच्याच अंगाची कोठडी, माणसांचाच दरवाजा, आणि पोलिसाची काठी खाणारा पोरगा खरंच त्या वस्तीतला, ज्याच्या घरावर मागच्याच महिन्यात धाड पडली असेल. आणि नाटकात कोर्टाचा निकाल पण येतो, सीबीआय चौकशी, बुधनच्या बायकोला भरपाई, म्हणजे नुसता आक्रोश नाही, कागद पण आहे. काकांच्या प्रश्नाला हे उत्तर धरा. नाटकाने पोलीस सुधारले असं मी म्हणत नाही, पण छारानगरची पोरं आज वकील आहेत, पत्रकार आहेत, फिल्म बनवतायत, आणि धाड पडली की कॅमेरा चालू करणारं कुणीतरी तिथे असतं.
सो बाहेरची माणसं चालतात, पण वाचनालय देऊन बाजूला सरकणारी.

खडूस_काका:
हे बरं उदाहरण आहे. मान्य.

मीना_ठाणे:
मला थोडं वेगळं सांगायचंय. आमच्या ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला 2014 ला. वस्त्यांमधली मुलं आपापल्या वस्तीची नाटुकली स्वतः लिहिणार, स्वतः बसवणार, आणि रंगभूमीवरची जाणती माणसं फक्त मदतीला. आणि मदत म्हणजे आवाज मागच्या रांगेपर्यंत कसा पोचवायचा, सीन कुठे तोडायचा, पाठमोरं कधी व्हायचं, असली. कथा मुलांची, दारू, पाणी, नळावरची भांडणं, शाळा सुटलेली ताई. मतकरी 2020 च्या मे मध्ये कोरोनात गेले तरी ते काम थांबलं नाही, कारण संस्था आधीपासून वस्तीत मुलांसाठी काम करत होतीच.
निळी पहाट म्हणतात तसं सगळं आतूनच यायला हवं हे बरोबर, पण सगळ्यांनाच जलशाची परंपरा घरात मिळालेली नसते. आमच्या वस्तीतल्या पोरांना माइकची भीती घालवायलाच वेळ गेला. ती घालवायला कुणीतरी लागतं. तो कौशल्याचा भाग शिकवला म्हणजे लगेच मालकी घेतली असं होत नाही ना.

हावडा_ब्रिज:
कामानिमित्त बरीच वर्षं कोलकात्यात काढली. तिथे जन संस्कृति नावाचा ग्रुप आहे, 1985 पासून, संजय गांगुलींचा, खेड्यापाड्यात काम, बरेचसे कलाकार शेतमजूरच. ते ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआलची पद्धत वापरतात आणि रंगपेटीच्या लिफ्टला ती एकदम फिट बसेल असं वाटतंय म्हणून सांगतो.
नाटक छोटंसंच, दहा-पंधरा मिनिटांचं, आणि वाईट ठिकाणी संपतं. म्हणजे बाई हरते. मग सूत्रधार, ते त्याला जोकर म्हणतात, पुढे येऊन विचारतो की हे असंच व्हायला हवं होतं का? पुन्हा पहिल्यापासून खेळ सुरू करायचा, पण आता प्रेक्षकातल्या कुणीही 'थांबा' म्हणायचं, स्टेजवर यायचं, त्या बाईची जागा घ्यायची आणि आपला उपाय करून बघायचा. बाकीचे नट मात्र आपली भूमिका सोडत नाहीत, वॉचमन वॉचमनच राहतो, अडवतोच. त्यामुळे कोरडा उपदेश चालत नाही. मी तिथे दारूच्या प्रश्नावरचा एक खेळ बघितला, एक म्हातारे गृहस्थ मोठ्या तोऱ्यात आले, नवऱ्याला समजावून सांगेन म्हणाले आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या पोराने त्यांना दोन मिनिटांत गार केलं. लोक हसले, पण मग खरी चर्चा तिथूनच सुरू झाली की समजावून होत नाही तर काय करायचं.
दिग्दर्शकाला सांगा, तक्रारवही होत नाही. तक्रार करून बघता येते.

वकिली_झब्बा:
मधेच एक रुक्ष मुद्दा. आपल्याकडे सार्वजनिक प्रयोगाला संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आता जिथे अर्धा प्रयोग प्रेक्षक करणार तिथे संहिता कसली पाठवणार? अमोल पालेकरांनी 2016 ला ह्याच पूर्वपरीक्षणाविरुद्ध मुंबई हायकोर्टात याचिका केली होती. चौकात करणार असाल तर पोलीस स्टेशनला अर्ज वेगळा, स्पीकरची परवानगी वेगळी. समाजमंदिरात आपल्याच लोकांपुढे तालीम म्हणून केलंत तर कुणी विचारणार नाही, पण सोसायटीच्या आवारात करायचं तर सेक्रेटरीचं पत्र घेऊन ठेवा.

निळी_पहाट:
कागदाचं निघालंच आहे तर हेही लिहून ठेवा की धोका कुणाला असतो. नक्षलवादाचा आरोप असलेले पुण्याच्या कबीर कला मंचाचे कलाकार 2013 ला विधानभवनासमोर येऊन पोलिसांपुढे हजर झाले, काहींना जामीन मिळायला 2017 उजाडलं. गाणीच म्हणत होते. तुमच्या ग्रुपमधल्या बँकवाल्याला कुणी हात लावणार नाही, उद्या मावशीने स्टेजवरून नगरसेवकाचं नाव घेतलं तर तिचं ओळखपत्र अडेल, तिची शेड हलवतील. म्हणून काय बोलायचं आणि काय नाही हे ठरवायचा अधिकार पण तिचाच. तुमच्यातल्या कुणीतरी जोशात येऊन तिच्या तोंडी वाक्य घालू नये.

भर_दुपार:
हे फार महत्त्वाचं बोललात. आम्ही तर आधी विचारूनच ठेवतो की कुठलं नाव घ्यायचं नाही.
पैशाचंही राहिलं होतं. तालीम म्हणजे तिचा रोज बुडतो किंवा झोप बुडते, दोन्हीला किंमत आहे. मानधन म्हणून शेवटी पाकीट आणि नारळ देऊ नका, प्रत्येक तालमीचे त्याच दिवशी द्या, आणि जितके दिग्दर्शकाला तितकेच. दिग्दर्शक फुकट करत असेल तर तो त्याचा प्रश्न, त्याचा पगार चालू आहे. तालमीची वेळ दुपारी तीननंतर, माल विकून झाल्यावर, आणि महिन्याच्या सुरुवातीला नको कारण तेव्हा घरोघरचे पैसे गोळा करायचे असतात. लहान पोरं बरोबर येणार हे धरूनच चाला, कुणीतरी एक जण फक्त पोरांकडे बघायला ठेवा.

रंगपेटी:
अपडेट देते. हावडा ब्रिज यांचं वाचून दाखवलं सगळ्यांना आणि समाजमंदिरात लिफ्टचा सीन करून बघितला. आमच्यातला एक जण सेक्रेटरी झाला, वॉचमन कोण होणार म्हटल्यावर एक ताई लगेच उठल्या, मी होते म्हणाल्या, रोज बघते त्याला. आम्हाला वाटलेलं वॉचमन व्हिलन करतील. तर त्यांनी वॉचमन असा केला की तो लिफ्टचं बटण दाबायला हात पुढे करतो आणि वर सीसीटीव्हीकडे बघून मागे घेतो. शब्द एक नाही. आमच्या लेखकाने तिथे अर्ध्या पानाचा डायलॉग लिहिलेला होता.
मग थांबा-थांबा सुरू झालं. एकीने भांडून बघितलं, सेक्रेटरीने एजन्सी बदलू म्हणून धमकी दिली. एकीने हात जोडले, तिला सगळ्यांनी खाली बसवलं, हे तर रोजच करतो म्हणाल्या. माझ्या डोक्यात होतं की जातीचा मुद्दा काढावा, कायदा सांगावा, मी उठून करून पण बघितला, सेक्रेटरीने मला इतक्या गोड भाषेत गुंडाळलं की बायका हसून लोळल्या. शेवटी एका आजींचं जमलं. त्या म्हणाल्या लिफ्ट मागूच नका, वेळ मागा. सकाळी नऊ ते दहा सामानाची लिफ्ट आमची, आणि ते नोटीस बोर्डावर सहीशिक्क्यानिशी लावा, म्हणजे वॉचमनला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. सेक्रेटरी झालेल्या आमच्या मित्राला उत्तरच सुचेना.
आता दोन खऱ्या सोसायट्यांना तसं पत्र द्यायचं त्यांनीच ठरवलंय, खेळ नंतर. दिग्दर्शक मात्र नाराज आहे, म्हणतो हे सगळं चांगलंय पण ह्यात नाटक कुठेय, स्पर्धेला काय नेऊ. त्याचं पण चूक नाही म्हणा, तो पंधरा वर्षं खपतोय ह्या ग्रुपसाठी. तर स्पर्धेला दुसरी संहिता उतरवतोय आणि हा खेळ वेगळा. ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत, बघू.

पेठी_पुणेकर:
तो सीसीटीव्हीवाला हात स्पर्धेत असता तर अभिनयाचं बक्षीस होतं ताई.

खडूस_काका:
पत्राचं काय झालं ते नक्की लिहा. नाटकाचं नाही लिहिलंत तरी चालेल.

रंगपेटी:
लिहीन. एका सोसायटीने मीटिंगमध्ये घेतो म्हणून सांगितलंय, दुसरीने पत्र घेतलंच नाही. तिथे आता मावशी म्हणतायत की खेळ त्यांच्याच गेटसमोर करू, आणि आमचीच फाटलीये.
अजून एक मदत हवी होती, सुरुवातीला गोळा करायला ढोलकी लागेल, आमच्याकडे फक्त कीबोर्डवाला आहे.

निळी_पहाट:
ढोलकीवाला देतो, नाशिकरोडचाच आहे. रविवारी पाठवतो, पण त्याला तुमच्या दिग्दर्शकाशी नाही, आजींशी बोलू दे. आणि गेटसमोर करायच्या आधी वकील साहेबांचं ते पोलीस स्टेशनचं बघून घ्या, अर्जावर सही तुमच्या बँकवाल्याची टाका.